दुखण्यानंतर डोकं चालेनासं झालं, तर घरी सराव कसा सुरू करावा

अंगावरून वारं गेलेला, म्हणजे लकवा झालेला माणूस दवाखान्यातून घरी आला की सगळ्यांचं लक्ष त्याच्या हातापायांकडे असतं. मालिश सुरू होते, फिजिओथेरपीवाला यायला लागतो, पाय थोडा उचलला तरी घरभर आनंद होतो. महिनाभरात मात्र दुसरंच काही ध्यानात यायला लागतं. चहात साखर दोनदा पडते. दुधाचा हिशेब जुळत नाही. दोघंजण एकदम बोलायला लागले की माणूस गप्प होतो, नाहीतर चिडतो. लकव्यानंतरच हे होतं असं नाही. मेंदूचा टीबी, मेंदूज्वर, लांबलेली फिट, केमोथेरपी, आयसीयूत काढलेले दिवस, साखर वारंवार फार खाली जाणं, अशा कितीतरी दुखण्यांच्या मागे हे लागतं. गावात मग एकच वाक्य फिरतं, "डोक्यावर परिणाम झालाय," आणि त्या वाक्यापाशी सगळे हात टेकतात.

हात टेकायचं कारण नाही. लक्ष, आठवण, कामाची आखणी यांनाही सराव देता येतो, आणि त्यातला बराचसा घरात, बिनपैशात होतो. तो कसा द्यायचा याबद्दल मात्र गैरसमज फार आहेत. कुणी शब्दकोडी आणून देतं, कुणी मोबाइलवर गेम टाकून देतं, कुणी रोज सकाळी पाढे म्हणायला लावतं. मी बघितलेल्या घरांत ज्यांचं खरंच काही सुधारलं त्यांनी यातलं काहीच धरून बसलं नव्हतं. त्यांनी आजारी माणसाचं एक रोजचं काम निवडलं आणि तेच काम, चुकू न देता, त्याच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं. पुढच्या पायऱ्या त्याच रस्त्याच्या आहेत.

पायरी १: सरावाच्या आधी तपासणी

विसरतोय म्हणजे झालेल्या आजारामुळेच, असं धरून चालू नका. औषधानं बरी होणारी कारणं आधी बाजूला काढायला हवीत. जीवनसत्त्व बी-१२ कमी असलं तरी आठवण आणि लक्ष दोन्ही ढासळतं. शाकाहारी घरात आणि साखरेसाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ही कमतरता जास्त सापडते. थायरॉइड मंदावला तरी तेच. रक्तातलं सोडियम खाली गेलं तरी माणूस गोंधळतो, आणि बीपीच्या काही गोळ्यांनी ते खाली जातं. या सगळ्याचा पत्ता साध्या रक्ततपासणीत लागतो.

गोळ्यांचंही बघा. झोपेच्या गोळ्या, सर्दी-खाजेवरच्या काही गोळ्या, लघवी आवरण्याच्या काही गोळ्या म्हाताऱ्या माणसाचं डोकं जड करतात. घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, मेडिकलमधून स्वतःहून आणलेलीसुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओता. फिट येऊ नये म्हणून दिलेल्या आणि टीबीच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनानं एक दिवसही थांबवायच्या नाहीत.

कान आणि डोळे तपासून घ्या. कानात मळ साचलेल्या माणसाला ऐकूच येत नसतं आणि घरचे म्हणतात, सांगितलेलं ध्यानात राहत नाही. झोपेत मोठ्यानं घोरून मध्येच श्वास अडकत असेल तर तेही सांगा. आणि मनाचं विचारा. लकव्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं. भिंतीकडे तोंड करून पडून राहणारा माणूस आळशी झाला, हट्टी झाला असं आपण म्हणतो. त्याला उपचार हवे असतात, आणि ते मिळाले की पुष्कळदा डोकंही बऱ्यापैकी चालायला लागतं.

एका बाबतीत मात्र थांबायचं नाही. काल बरा असलेला माणूस आज अचानक असंबद्ध बोलायला लागला, दिवसरात्रीचं भान गेलं, सारखा झोपाळू झाला, तर तो विसरभोळेपणा नव्हे. लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, साखरेची चढउतार, उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी होणं, काही आठवड्यांपूर्वी पडून डोक्यात साचलेलं रक्त, यातलं काहीही असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा. साखरेची औषधं चालू असतील तर आधी साखर मोजा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, आणि आजारी माणसाला तहान सांगता येत नाही, हे विसरू नका. तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं तर १०८ ला फोन. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, त्यामुळे "सकाळी बघू" म्हणण्यात सगळं हातचं जातं.

पायरी २: नेमकं काय बिघडलंय ते आठवडाभर बघा

एक वही घ्या. आठवडाभर काही शिकवायचं नाही, सुधारायचं नाही, फक्त लिहायचं. कोणत्या कामात अडलं, किती वाजता, त्या वेळी आजूबाजूला काय चाललं होतं. "सगळंच विसरतात" असं वाटणारं घर आठवड्यानंतर वेगळं बोलायला लागतं.

सांगितलेलं पाच मिनिटांत जातं, पण जुनं सगळं आठवतं, तर नवीन आठवण साठवण्यात अडचण आहे. शांत खोलीत नीट बोलतात आणि टीव्ही चालू असला की हरवतात, तर अडचण लक्षाची आहे. प्रत्येक गोष्ट येते पण कशानंतर काय करायचं ते जुळत नाही, आंघोळ करून मळकेच कपडे घालतात, तर आखणी बिघडली आहे. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते, दाढी अर्धीच होते, डाव्या दारचौकटीला खांदा आपटतो, तर मेंदूच्या उजव्या भागाला मार बसून डावीकडचं लक्षच गेलेलं असू शकतं; डोळे चांगले असूनही ती बाजू त्या माणसासाठी नसल्यासारखी होते. आणि शब्द सापडत नाही, पाणी हवं असताना "भाकरी" म्हणतात, तर तो वाचाघात आहे. अशा माणसाला बऱ्याचदा सगळं कळत असतं. त्याच्यासमोर त्याच्याबद्दल "याला काही समजत नाही" असं बोलणारे पाहुणे बघितले की जीव तुटतो.

डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ ३० गुणांची एखादी चाचणी घेतील. ती मोबाइलवर शोधून घरी घेऊ नका. 'मोका' नावाच्या प्रसिद्ध चाचणीत घन काढायला सांगतात, घड्याळ काढायला सांगतात. शिक्षण बारा वर्षं किंवा त्याहून कमी असेल तर एक गुण वाढवून देतात, पण जिनं हातात कधी पेन धरला नाही त्या मायला त्या एका गुणानं काय होणार? शाळा झालेली नाही हे तपासणाऱ्याला आधीच सांगा. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांतल्या निरक्षर लोकांसाठी म्हणून मुद्दाम बेतलेली चाचणी आपल्या देशातच तयार झालेली आहे, त्यामुळे अशी मागणी करणं वावगं नाही. आणखी एक. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि नव्वदीच्या आसपासच्या काही आजोबांची पहिली अक्षरं उर्दू आहेत. मराठी पेपर वाचता येईना तेव्हा उर्दू पुढे ठेवून बघा. लहानपणी पक्कं झालेलं पुष्कळदा शाबूत राहतं.

पायरी ३: एकच काम निवडा

"आठवण सुधारली पाहिजे" हे उद्दिष्ट चालत नाही, कारण ते झालं की नाही हे कुणालाच कळत नाही. "सकाळच्या गोळ्या अण्णांनी स्वतः घेणं" हे चालतं. "मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन एकट्यानं परत येणं," "दोन कप चहा करणं," "दूधवाल्याचे पैसे मोजून देणं" हेही चालतं. काम रोज घडणारं हवं, लहान हवं, आणि मुख्य म्हणजे त्या माणसाला स्वतःला ते हवं असलं पाहिजे. मोंढ्यात तीस वर्षं हमाली केलेल्या माणसाला रंगीत ठोकळे लावायला देऊ नका. आयुष्यभर भाकरी थापलेल्या बाईला पुन्हा पिठात हात घालायचा असतो. परात पुढे ठेवली की तिचा चेहराच सांगतो.

इथंच गेमवाल्या ॲपचा विषय संपवतो. २०१० साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. ११,४३० लोकांनी सहा आठवडे कॉम्प्युटरवर मेंदूचे व्यायाम केले. जो खेळ खेळले त्यात ते पटाईत झाले. त्या खेळाशी मिळत्याजुळत्या इतर चाचण्यांतही मात्र फरक पडला नाही. अमेरिकेत २,८०० हून अधिक निरोगी ज्येष्ठांवर झालेल्या 'ॲक्टिव्ह' नावाच्या अभ्यासातही हेच दिसलं की ज्या क्षमतेचा सराव केला तीच सुधारते. त्यात वेग आणि तर्काच्या सरावाचा थोडा फायदा दहा वर्षांनीही टिकून होता, आठवणीच्या सरावाचा टिकला नाही. आणि २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं 'लुमोसिटी' या ॲपच्या कंपनीला फसव्या जाहिरातींबद्दल २० लाख डॉलर भरायला लावले. आजारी माणसाला गेम आवडत असेल तर खेळू द्या, वेळ बरा जातो. पण त्यासाठी वर्षाची वर्गणी भरू नका, आणि गेममध्ये गुण वाढले म्हणून गोळ्या आठवतील अशी आशा धरू नका. जे सुधारायचंय त्याचाच सराव करावा लागतो. आठवण वाढवणाऱ्या पावडरी आणि चूर्णांचंही तेच. चालू औषधांबरोबर ते चालेल का, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोटात काही जाऊ देऊ नका.

पायरी ४: चुकू न देता शिकवा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या, कारण घराघरांत नेमकं उलटं चालतं.

पाहुणे येतात. बाजेवर बसलेल्या आजारी माणसाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन मोठ्यानं विचारतात, "वळखलं का मला? सांगा बरं, कोण हाय मी?" तो बिचारा बावरतो, भलतंच नाव घेतो. सगळे हसतात, कुणी डोळ्याला पदर लावतं. दुपारी दुसरे पाहुणे, पुन्हा तीच परीक्षा. यानं आठवण वाढत नाही. ज्याची नवीन आठवण कमजोर आहे त्याच्या डोक्यात चुकलेलं उत्तरच बसतं, कारण आपण चुकलो होतो हेही त्याच्या ध्यानात राहत नाही. ॲलन बॅडली आणि बार्बरा विल्सन या संशोधकांनी १९९४ मध्ये हेच दाखवून दिलं: गंभीर विस्मरण असलेली माणसं अंदाज करायला लावण्यापेक्षा चूकच होऊ न देता शिकवलं तर जास्त शिकतात. म्हणून दारातच पाहुण्यांना सांगून ठेवा. आत गेल्यावर आधी आपलं नाव आणि नातं सांगायचं: "मामा, मी परळीचा भाचा, अक्काचा थोरला." मग गप्पा. परीक्षा घ्यायची नाही.

आता शिकवायचं कसं? आमच्या घरी अण्णा काठी न घेताच उठायचे आणि तोल जायचा. "काठी घ्या, काठी घ्या" असं दिवसभर ओरडून काही होत नव्हतं. मग त्यांच्याजवळ बसून असं केलं.

"अण्णा, उठायच्या आधी काठी घ्यायची. उठायच्या आधी काय करायचं?"

"काठी घ्यायची." आणि लगेच हातानं काठी धरायची. नुसतं बोलून भागत नाही, कृती सोबत हवी.

अर्ध्या मिनिटानं पुन्हा तोच प्रश्न, त्याच शब्दांत. बरोबर आलं की एका मिनिटानं. मग दोन मिनिटांनी, चार मिनिटांनी, आठ मिनिटांनी. मधल्या वेळात इकडचं तिकडचं बोलायचं, पावसाचं, सोयाबीनच्या भावाचं. उत्तर चुकलं किंवा अडखळले तर "आठवा, आठवा" म्हणायचं नाही. लगेच आपणच सांगायचं, त्यांच्याकडून म्हणून आणि करून घ्यायचं, आणि आधी जेवढ्या वेळाला जमलं होतं तेवढ्यावर परत यायचं. दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न सकाळीच. आलं तर अंतर आणखी लांबवायचं, नाही आलं तर पुन्हा थोड्यावरून. अंतर वाढवत नेण्याची ही रीत दीड-दोन मिनिटांपलीकडे काही न टिकणाऱ्या माणसांनाही बऱ्याचदा लागू पडते, कारण ती आठवणीपेक्षा सवयीच्या वाटेनं जाते. प्रश्न मात्र रोज तोच, तसाच हवा. एकानं "काठी कुठंय?" आणि दुसऱ्यानं "काय विसरलात?" असं विचारलं की सगळा घोळ. घरातल्या प्रत्येकाला ते वाक्य पाठ पाहिजे.

अनेक टप्प्यांच्या कामाला दुसरी रीत. चहा घ्या. पहिल्या आठवड्यात सगळा चहा तुम्ही करा, आणि शेवटी कपात ओतायचं काम त्यांचं. ते सहज जमू लागलं की गाळणं आणि ओतणं त्यांचं. मग साखर, मग चहापत्ती, असं उलट्या बाजूनं मागे मागे जायचं. यात दर वेळी काम त्यांच्या हातून पूर्ण होतं, कप त्यांच्या हातून पाहुण्यापुढे जातो, आणि तो मान त्यांना मिळतो. गॅस पेटवणं सगळ्यात शेवटी, आणि कुणीतरी शेजारी उभं असतानाच.

पायरी ५: ज्याला जे अडलंय, त्याला तसा सराव

लक्ष टिकत नसेल तर टीव्ही बंद, एका वेळी एकच माणूस बोलणार, वाक्य लहान. तूर निवडायला द्या, पण सूपभर नको; मूठभर, पाच मिनिटं, मग वाढवत न्या. शेंगा फोडणं, लसूण सोलणं, कापसातली काडी-कचरा काढणं, सगळं चालतं. झालेलं काम खरोखर वापरायचं. निवडलेली डाळ पुन्हा खड्यांत मिसळून दुसऱ्या दिवशी तीच पुढे ठेवणारं घर मी बघितलंय. त्या माणसाला ते कळतं, आणि त्याचं मन मोडतं.

डावी बाजू सुटत असेल तर ताटाच्या, पेपरच्या डाव्या कडेला लाल फीत चिकटवा. सुरुवात करण्याआधी "लाल दिसलं का?" असं विचारून नजर तिथपर्यंत न्यायला लावायची आणि तिथून उजवीकडे यायचं. बोलताना तुम्हीही हळूहळू त्या बाजूला सरका. ज्यांची नजर मुळीच वळत नाही त्यांच्याशी मात्र आधी उजवीकडूनच बोला.

शब्द सापडत नसतील तर वाचा-उपचारतज्ज्ञ गाठायलाच हवा. घरी एवढं करता येतं: घाई नको, त्यांचं वाक्य आपण पुरं करायचं नाही, हातवारे आणि चित्रं चालवून घ्यायची. बोलता न येणारी काही माणसं गाऊ शकतात. सायंकाळी हरिपाठ म्हणणाऱ्या घरात हे अनेकांनी अनुभवलंय; जनाबाईचे, नामदेवांचे अभंग लहानपणापासून तोंडात असलेले असतात. शेजारी बसून संथ लयीत म्हणा, शेवटचा शब्द त्यांच्यावर सोडा. तेवढ्यानं बोलणं परत येईल असं नाही, पण आवाज फुटतो आणि माणूस चारचौघांत सामील होतो.

आखणी बिघडलेल्यांसाठी खरं काम लागतं. लातूर-धाराशिवकडच्या घरांत येळवस, म्हणजे वेळा अमावास्येचा शेतातला सण, हे चांगलं निमित्त आहे. भज्जीला काय काय लागतं, आंबिलाचं ताक कधी लावायचं, शेतात कोण काय नेणार, हे मायला विचारून तिच्यासमोर लिहा किंवा चित्रं काढा, आणि त्यातलं एकच काम पहिल्यापासून शेवटपर्यंत तिच्याकडे द्या. दर टप्प्याला थांबायचं: आता काय करत होतो? पुढं काय? झालेल्यावर फुली मारायची.

पत्त्यांत बदाम सात, पोरांसोबत अष्टाचंग हे छान आहे. औषध म्हणून नव्हे, सोबत म्हणून.

पायरी ६: आधाराच्या वस्तू लावा, लाज बाळगू नका

"चिठ्ठी बघून केलं तर मेंदूला सराव कसा होणार?" हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. चष्मा लावल्यानं डोळे आळशी होत नाहीत. आठवणीच्या तक्रारींत बाहेरच्या साधनांचा उपयोग सगळ्यात भरवशाचा ठरलेला आहे. इंग्लंडमध्ये बार्बरा विल्सन यांच्याच गटानं मेंदूला इजा झालेल्या १४३ लोकांना ठरल्या वेळी आठवण करून देणारा पेजर देऊन बघितला. त्याचा निष्कर्ष २००१ मध्ये आला. पेजर असताना बहुतेकांची गोळी घेण्यासारखी रोजची कामं जास्त वेळा पार पडू लागली. तो पेजर आता तुमच्या खिशात आहे. मोबाइलवर गजर लावा, आणि नुसती घंटी नको. नातीच्या आवाजात "आजोबा, जेवण झालं, आता गोळी घ्या" असं रेकॉर्ड करून तोच गजर ठेवा. वाचता न येणाऱ्यांसाठी हे सगळ्यात चांगलं.

गोळ्यांना सात वारांची कप्पेदार डबी मेडिकलमध्ये मिळते. वाराची अक्षरं कळत नसतील तर कप्प्यांवर सूर्य-चंद्र काढा. भरायची जबाबदारी घरातल्या एकाच माणसाची. चष्मा, काठी, किल्ली यांची जागा ठरवा, देवळी असेल तर देवळी, आणि घर आवरताना ती हलवू नका. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज सकाळी कालच्या तारखेवर फुली त्यांच्याच हातून. पांढऱ्या फळ्यावर आजची तीन कामं, त्याहून जास्त नाही. आणि ही वस्तू बघायची सवयसुद्धा शिकवावीच लागते, वरच्याच रीतीनं: "पुढं काय हे कुठं बघायचं?" "फळ्यावर."

पायरी ७: वेळ, थकवा आणि बाकीचं शरीर

दिवसातून दोनदा, पंधरा-वीस मिनिटं. त्याहून जास्त ताणलं की मेंदू थकतो, आणि हा थकवा खरा असतो. जांभया, चिडचिड, आधी जमलेलं चुकायला लागणं ही त्याची खूण. तिथं थांबा. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आसपास आणि संध्याकाळी गार झाल्यावर. जेवणानंतर लगेच नको.

लकव्यानंतर पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा वेगानं होते, त्यामुळे तो काळ वाया घालवू नका. पण नंतर दार बंद होतं असं नाही. वर्षानंतरही नवीन काम शिकलेली माणसं आहेत. पार्किन्सन किंवा अल्झायमरसारखा आजार असेल तर हिशेब वेगळा. तिथं गेलेलं परत आणण्यापेक्षा हातात आहे ते टिकवणं आणि दिवस आनंदात जाणं हेच मोठं. आठवड्यातून दोनदा, सात आठवडे, एकूण चौदा बैठकांत गटानं गप्पा, गाणी, वस्तूंची ओळख असा एक प्रकार इंग्लंडमध्ये २००३ मध्ये तपासला गेला आणि सौम्य ते मध्यम डिमेन्शियात (स्मृतिभ्रंशात) उपयोगी ठरला. पारावर चार म्हाताऱ्यांना जमवून तसं काही आपणही करू शकतो.

चालणं सोडू नका. बीपी आणि साखर ताब्यात नसेल तर एका बाजूनं शिकवायचं आणि दुसऱ्या बाजूनं मेंदूच्या रक्तवाहिन्या बिघडत जायच्या, असं होतं. तंबाखू, मिश्री, विडी बंद. रात्रीची झोप पुरी.

काही कामं मात्र डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत द्यायचीच नाहीत. विहिरीवरची मोटार चालू करणं, फवारणी, ट्रॅक्टर, मोटारसायकल, रात्री एकट्यानं रानात पाणी द्यायला जाणं. फिट येत असेल तर विहिरीच्या आणि चुलीच्या जवळही एकटं नको. पैशांचंही तेच. आजारी माणसाच्या अंगठ्याचे आणि सह्यांचे कागद घरातल्या दोघांसमोरच व्हावेत. याचा गैरफायदा घेणारे परके नसतात, जवळचेच असतात.

पायरी ८: करणारा माणूस कोण?

बहुतेक घरांत हे सगळं सुनेवर किंवा बायकोवर पडतं, आणि तिला विचारलेलंही नसतं. वाटून घ्या. सकाळची पंधरा मिनिटं एकाची, संध्याकाळची दुसऱ्याची, रविवार तिसऱ्याचा. सहावी-सातवीतलं पोर ठरलेला प्रश्न विचारायला फार चांगलं असतं. त्याला चीड येत नाही.

बीड आणि आसपासच्या ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची अडचण निराळी. दिवाळीनंतर कर्ती माणसं कारखान्याकडे निघून जातात आणि आजारी माणूस म्हाताऱ्या आईजवळ राहतो. अशा घरांनी जाण्याआधी काम आणखी लहान करावं. एकच गजर, एकच डबी, एकच जागा. शेजारच्या एका घराला ते ठरलेलं वाक्य शिकवून जावं. गावातल्या आशाताईंना, म्हणजे आरोग्याचं काम बघणाऱ्या आशा सेविकेला, सांगून ठेवावं. आणि फडावरून रोज एकाच वेळी फोन करावा; "कसं काय, बरं हाय ना?" यावर न थांबता "फळ्यावर काय लिवलंय, वाचा बरं" असं म्हणावं.

मदत कुठं मागायची? छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, नांदेडला विष्णुपुरीचं आणि लातूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही मोठी सरकारी ठिकाणं. तिथं गेल्यावर नुसतं "औषध द्या" म्हणू नका. ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारा उपचार), वाचा-उपचार आणि मानसशास्त्रज्ञाची तपासणी कुठं होईल, असं नाव घेऊन विचारा. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं, आणि सांभाळ करणाऱ्यानंही तिथं बोलावं. ज्येष्ठांसाठी १४५६७. अडचण कायमची राहणार असं डॉक्टरांचं मत असेल तर अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगांचं ओळखपत्र, याबद्दल विचारा. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत मेंदू आणि नसांचे जुनाट आजारही येतात.

सुधारणा मोजायची कशी

त्याच वहीत. रोज एकच आकडा: निवडलेलं काम करताना किती वेळा सांगावं लागलं. पहिल्या आठवड्यात सहा वेळा सांगावं लागत असेल आणि तिसऱ्यात तीनदा, तर सराव लागू पडतोय. एखाद्या दिवशी आकडा वाढला म्हणून घाबरू नका. झोप, ताप, भांडण, पाहुणे यांनी तो वरखाली होतो. तीन-चार आठवडे तसाच राहिला तर माणसाला दोष न देता काम लहान करा, टप्पे वाढवा. आकडा सतत चढतच गेला तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. तोंडी सांगण्यापेक्षा तिचा उपयोग जास्त होतो. आणि सलग दोन आठवडे एकदाही सांगावं लागलं नाही, तर त्या माणसाला विचारा, आता कुठलं काम घ्यायचं, आणि ते म्हणतील ते वहीच्या नव्या पानावर लिहा.